विश्लेषण : महागड्या ‘डॅक’मुळे गाडगेबाबांचे कीर्तन अधिक स्पष्ट ऐकू येईल का?

वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्याच्या ४२ दिवस आधी, ८ नोव्हेंबरला, मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांनी कीर्तन केले आणि त्याचे ध्वनिमुद्रण झाले. आज वऱ्हाडात मोबाइलवर बाबांचा आवाज ऐकू येतो, तो बहुधा याच कीर्तनातला. तो स्वच्छ ऐकण्यासाठी वेगळा ‘डॅक’ घ्यावा का?

हा आवाज घडला कुठे?

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरीला आली. तिथे डेबूने गुरे राखली, नांगर धरला आणि सावकाराने मामाची जमीन कशी गिळली तेही पाहिले. पुढे मुलीच्या बारशाला त्याने मटण-दारूऐवजी गोडाचे जेवण घातले. जातभाई रुसले, पण त्याने ऐकले नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडले तेव्हा सोबत गाडगे आणि काठी. गावात शिरले की दिवसा झाडू, रात्री कीर्तन. ऋणमोचनला पूर्णेवर घाट, मूर्तिजापूरला गोरक्षण, नाशिक-पंढरपूरला धर्मशाळा उभ्या राहिल्या, त्या शाळा न शिकलेल्या या माणसाच्या शब्दावर. कर्ज, दारू, नवसाचे बकरे, मुलांचे शिक्षण असे त्यांचे विषय. वऱ्हाडी बोलीत ते प्रश्न टाकत आणि समोरची गर्दी एका सुरात उत्तर देई. म्हणून या ध्वनिमुद्रणात बाबांइतकीच श्रोत्यांचीही दाद ऐकण्यासारखी आहे.

मग डॅक काय करतो?

मोबाइलमधली फाइल म्हणजे नुसते आकडे. सीडीच्या दर्जात एका सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, म्हणजे डॅक, त्यांची पुन्हा विजेची लहर करतो. फोनमध्ये तो असतोच. हेडफोनचे भोक नसलेल्या फोनला जी छोटी वायर लावतो, तिच्यातही बहुतेकदा असतो. ब्लूटूथ इअरफोनमध्ये तर तो कानापाशीच असतो.

१६ बिटमध्ये सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबल मावते, २४ बिटमध्ये कागदावर १४४. त्या काळातल्या साध्या टेपचा आवाका ५०-६० डेसिबलच्या आसपासचा. म्हणजे टेपची खरखर डॅकच्या खरखरीपेक्षा कितीतरी मोठी! साधा, नीट बनवलेला डॅकही इथे पुरून उरतो. महागडे यंत्र खरखर काढणार नाही, आहे तशी ऐकवेल. दुकानात दोन डॅक ताडून पाहायचे तर आवाजाची पातळी आधी सारखी करा; किंचित मोठा वाजणारा नेहमीच सरस वाटतो. पैसे असतीलच तर हेडफोन किंवा स्पीकरवर घालावेत, फरक तिथे लगेच कळतो.

खर्च कुठे करावा?

मुद्रणाच्या बाजूला. तिथे उलटे यंत्र लागते : आवाजाचे आकडे करणारे. ऑडिओ इंटरफेसमध्ये दोन्ही असतात. अकोला-अमरावतीत अनेक घरांत गावच्या कीर्तनकारांच्या कॅसेट कपाटात पडून आहेत. त्या उतरवताना डेकचे हेड आधी साफ करावे, २४ बिटवर मुद्रण करावे, पातळी थोडी खाली ठेवावी. मूळ फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात जपून ठेवावी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची प्रत वेगळी काढावी. डॅक केव्हाही बदलता येतो. कॅसेटची फीत मात्र दर वर्षी उतरत जाते, आणि ती वाजवणारे डेकही आता दुरुस्त करून मिळणे कठीण झाले आहे.