लेंकरांचे गीतकार आयझाक वॉट्स

इंग्लंडांत साउदॅम्प्टन येथें १७ जुलै १६७४ रोजीं आयझाक वॉट्स ह्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील राजमान्य मंडळीपासून वेगळे होऊन उपासना करीत, म्हणून त्यांस तुरुंगवास घडला. आई तान्ह्या लेंकरास उराशीं धरून तुरुंगाच्या दाराशीं बसत असे, असें सांगतात. मुलगा लॅटिन, ग्रीक व हिब्रू शिकून तयार झाला; परंतु विद्यापीठांत जावयाचें तर राजमान्य मंडळीचा अंगीकार करणें भाग होतें, म्हणून तेथील शिक्षणाचा खर्च मिळत असतांही त्यानें तो नाकारला.

त्या काळीं मंडळींत दाविदाचीं स्तोत्रें पद्यांत बसवून गात. पण तीं पद्यें फार ओबडधोबड असत. तरुण आयझाकानें कुरकुर केली, तेव्हां वडिलांनीं त्यालाच ह्याहून चांगलें रचावयास सांगितलें, अशी आख्यायिका आहे. १७०२ सालीं ते लंडनांत पाळक झाले व १७०७ सालीं त्यांच्या गीतांचें पुस्तक निघालें.

येथें एक गोष्ट आपल्या उपदेशकांनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे. पुष्कळांस वाचतां येत नसे, म्हणून एकानें ओळ वाचावी व मंडळीनें ती गावी, असा प्रघात होता. अर्थ ओळीच्या मध्येंच तुटला तर ऐकणारा गोंधळून जाई. ह्याकरितां वॉट्स ह्यांनीं होतां होईल तों प्रत्येक ओळ आपल्या ठायीं पुरी रचिली. एवढा संयम विद्वानास सहज साधत नाहीं.

१७१२ सालीं ते फार आजारी पडले. सर टॉमस ॲबनी ह्या सद्गृहस्थानें त्यांस आठवडाभर आपल्या घरीं नेलें; तो पाहुणचार ३६ वर्षें चालला! वॉट्स अविवाहित होते. पण त्या घरीं तीन मुली होत्या. त्यांस अर्पण करून १७१५ सालीं त्यांनीं मुलांकरितां सोप्या भाषेंतील ईश्वरस्तुतीचीं गीतें प्रसिद्ध केलीं. पद्यांत शिकलेलें मुलास गोड लागतें व पुष्कळ दिवस टिकतें; शिवाय चांगलें गीत मनांत घोळत असेल तर वाईटास तेथें जागा उरत नाहीं, असा त्यांचा विचार होता. उद्योगी मधमाशी, घरट्यांत गुण्यागोविंदानें राहणारीं पांखरें, असे मुलांच्या ओळखीचे विषय त्यांनीं घेतले. गरीब असो वा श्रीमंत, कोणत्याही पंथाचें मूल तीं गाऊं शकेल, अशी त्यांनीं काळजी घेतली. नरकाच्या भयाचीं कांहीं गीतें मात्र कोंवळ्या मनास जड आहेत, असें आम्हांस वाटतें.

२५ नोव्हेंबर १७४८ रोजीं ते प्रभूजवळ गेले. लंडनांतील बनहिल फील्ड्स येथें त्यांची कबर आहे.

पुस्तक मात्र वाढतच गेलें. पुढील छापखानेवाल्यांनीं त्यांत लांकडी ठशांचीं चित्रें घातलीं, आणि फेरीवाले त्याच्या स्वस्त चोपड्या खेडोपाडीं विकूं लागले. अक्षर न ओळखणारें मूलही आधीं मधमाशीचें चित्र पाही, मग त्याखालीं काय लिहिलें आहे तें मोठ्यांस विचारी. शेंकडों आवृत्त्या निघाल्या. १८६५ सालीं लुइस कॅरल ह्यांनीं आपल्या बालकथेंत त्या मधमाशीच्या गीताचें विडंबन केलें. कोणी ह्यास वॉट्स ह्यांचा अपमान म्हणेल. पण मूळ गीत घरोघरीं मुलांस पाठ नसतें तर ती थट्टा कोणास कळली असती?