विश्लेषण : शंभर वर्षांपूर्वीच्या रचनेचे ‘आउटबोर्ड’ यंत्र आजही दुरुस्त कसे होते? ओले इव्हिनरूड यांनी काय घडवले?

होडीच्या मागच्या फळीला अडकवायचे, काम झाले की काढून घरी न्यायचे, असे छोटे इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटार. कोकण किनाऱ्यावरील लहान होड्यांनाही ती दिसते. ती सामान्यांच्या आवाक्यात आणणाऱ्यांत ओले इव्हिनरूड यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या नावाच्या मोटारींचे उत्पादन २०२० मध्ये थांबले, पण जुन्या मोटारी आजही चालवल्या जातात. याचे उत्तर त्यांच्या कामाच्या पद्धतीत सापडते.

ओले इव्हिनरूड कोण होते?

जन्म १८७७ चा, नॉर्वेतला. ते लहान असतानाच कुटुंब अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात शेतीसाठी आले. शाळा फार झाली नाही. किशोरवयातच ते घर सोडून यंत्रशाळांत राबले आणि ओतकामासाठी लागणारे लाकडी साचे बनवण्यात तरबेज झाले. मिलवॉकीत इंजिने बनवण्याचे त्यांचे सुरुवातीचे प्रयत्न आणि भागीदाऱ्या फसल्या. १९०६ मध्ये त्यांनी बेस कॅरी यांच्याशी लग्न केले.

कल्पना कशी सुचली?

उन्हाळ्यात तळ्याकाठी सहलीला गेले असता बेस यांना आइस्क्रीम हवे झाले. ओले वल्ही मारत पलीकडे गेले. परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळले होते, अशी कथा सांगितली जाते. आउटबोर्ड मोटारी त्याआधीही बनल्या होत्या. ओले यांनी मात्र ती विकण्याजोगी आणि टिकाऊ केली. पहिला नमुना पाहून बेस यांना तो कॉफी दळायच्या यंत्रासारखा वाटला होता.

रचनेत विशेष काय होते?

१९०९ मध्ये विक्रीला आलेली मोटार दीड अश्वशक्तीची, सुमारे २८ किलो वजनाची आणि ६२ डॉलर किमतीची होती. सिलिंडर आडवा, क्रँकशाफ्ट उभा, वर फ्लायव्हील, खाली पाण्यात गिअर आणि पंखा. ही मांडणी पुढे सर्वमान्य झाली. भाग मोजके आणि हाताशी असल्याने बिघाड शोधणे सोपे होते.

जुनी मोटार सुरू होत नसेल तर?

आधी ठिणगी, मग इंधन. पेट्रोल दूर ठेवून प्लग काढायचा, तो तारेला जोडून इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि फ्लायव्हील फिरवायचे. ठिणगी नसेल तर कॉन्टॅक्ट पॉइंटवर गंज चढल्याची शक्यता असते. ठिणगी असेल तर कार्बोरेटर पाहायचा. महिनोन्महिने पडून राहिलेले पेट्रोल चिकट होऊन बारीक छिद्रे बुजवते. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ठरल्या प्रमाणात तेल मिसळावेच लागते, नाहीतर पिस्टन जाम होतो.

इंजिन चालते पण होडी हलत नाही, तर पंख्याची ‘शिअर पिन’ तुटलेली असू शकते. पंखा दगडाला आपटला की गिअर वाचावेत म्हणून ही मऊ पिन मुद्दाम आधी तुटते. गिअरचे तेल दुधाळ दिसले तर सीलमधून पाणी शिरले आहे. नंतरच्या काळातील मोटारींत पंपाचे रबरी इंपेलर कडक होऊन थंडाव्याचे पाणी थांबते. म्हणून चाचणी पाण्याच्या पिंपातच घ्यावी, कोरडी नको.

धंदा हातून का गेला?

ओले यंत्र पाहत आणि बेस पत्रव्यवहार, जाहिराती व विक्री. स्कँडिनेव्हियातूनही मागणी आली. या कामाच्या ओझ्याने बेस यांची प्रकृती ढासळली. १९१४ च्या सुमारास ओले यांनी आपला हिस्सा भागीदार ख्रिस मेयर यांना विकला. पाच वर्षे या धंद्यात न उतरण्याची अट त्यांनी मान्य केली. स्वतःच्या नावाची कंपनी आता दुसऱ्याची होती.

पुनरागमन कसे झाले?

ओले यांनी दोन सिलिंडरची, ॲल्युमिनियमचा वापर केलेली हलकी मोटार आखली. जुन्या कंपनीने ती नाकारली. तेव्हा १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला या दांपत्याने ‘एल्टो’ नावाने नवी कंपनी काढली. ती इतकी चालली की १९२९ मध्ये जुनी आणि नवी कंपनी एकत्र झाली आणि ओले अध्यक्ष झाले. आपले नाव त्यांना असे परत मिळाले.

पुढे काय?

बेस १९३३ मध्ये आणि ओले १९३४ मध्ये निवर्तले. कारभार मुलगा राल्फ यांच्याकडे गेला. कंपनीचे मालक नंतर बदलत गेले आणि २००० मध्ये दिवाळखोरी आली. नवीन मालकानेही २०२० मध्ये उत्पादन बंद केले. तरीही एखादी जुनी मोटार हाती आली, तर ठिणगी, इंधन आणि पाणी याच क्रमाने तपासणी होते, कारण एका साचे घडवणाऱ्या कारागिराने ती पान्याने उघडता येईल अशीच बनवली होती.