जॉन स्कोप्स : एका धड्यासाठी कोर्टात उभे राहिलेले शिक्षक

पुस्तकातला धडा शिकवला म्हणून शिक्षकावर खटला भरला तर? जॉन स्कोप्स यांच्याबाबतीत हे खरंच घडलं.

त्यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात झाला. शिक्षणानंतर ते टेनेसी राज्यातील डेटन गावच्या हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. मुलांना फुटबॉलही शिकवायचे.

१९२५ मध्ये टेनेसीत कायदा आला. बायबलमधली मानवनिर्मितीची कथा नाकारून, माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असं सरकारी शाळेत शिकवायला बंदी झाली. गंमत बघा, राज्याने मान्य केलेल्या जीवशास्त्राच्या पुस्तकातच उत्क्रांती होती! स्कोप्स यांनी जीवशास्त्राचे काही तास बदली म्हणून घेतले होते. कायद्याची परीक्षा व्हावी म्हणून ते आरोपी व्हायला तयार झाले. तेव्हा वय फक्त २४.

जुलैमध्ये खटला चालला आणि १०० डॉलर दंड झाला. १९२७ मध्ये तांत्रिक कारणाने ही शिक्षा रद्द झाली, पण कायदा मात्र १९६७ पर्यंत राहिला. खटल्यानंतर स्कोप्स यांनी डेटनची शाळा सोडली. भूगर्भशास्त्र शिकून ते तेल आणि वायूच्या क्षेत्रात काम करू लागले. २१ ऑक्टोबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

सृष्टी कशी निर्माण झाली याच्या धर्मकथा मुलांना घरी जरूर सांगाव्यात. विज्ञानाच्या तासाला मात्र पुराव्यावर तपासता येईल तेच शिकवायचं. माणूस कुठून आला, असं वर्गातल्या एखाद्या मुलाने विचारलं तर आपण विषय टाळू नये, एवढं तरी स्कोप्स यांच्याकडून शिकूया.