गुरांचे वैद्य सर आर्नोल्ड थायलर

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या दावणीस संकरित गाय आहे, त्यांच्या कानावर थायलेरिया हे नाव बहुधा आले असेल. गाईस कडक ताप भरतो, खांद्यापुढील गाठी सुजतात, ती वैरण टाकते, आणि वेळीच इलाज न झाल्यास थोड्याच दिवसांत दगावते. गोचीड ताप म्हणून हा रोग खेड्यापाड्यांत परिचित आहे. परंतु थायलेरिया ह्या नावात एका मनुष्याचे नाव दडलेले आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. हे गृहस्थ जन्माने स्वित्झर्लंडचे व कर्माने दक्षिण आफ्रिकेचे. त्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो, ते केवळ त्यांच्या विद्वत्तेसाठी नव्हे. त्यांच्या ऐन उमेदीची वर्षे युद्धाच्या धामधुमीत गेली. माणसे आपसांत लढू लागली म्हणजे मुक्या जनावरांचे काय होते, आणि अशा वेळी त्यांच्या वैद्याने कोणाचे म्हणवून घ्यावे, हे त्यांच्या आयुष्यावरून चांगले समजते.

स्वित्झर्लंडमधील आरगाऊ प्रांतात फ्रिक नावाचे गाव आहे. तेथे २६ मार्च १८६७ रोजी आर्नोल्ड थायलर ह्यांचा जन्म झाला. वडील शाळामास्तर होते. बर्न व झुरिक येथे पशुवैद्यकाचा अभ्यास करून १८८९ साली ते परीक्षा उतरले, आणि काही काळ आपल्याच देशात खेडेगावच्या गुरांस औषधपाणी करू लागले. परंतु मनाची धाव मोठी होती. १८९१ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते जहाजाने आफ्रिकेस गेले व ट्रान्सवाल राज्याची राजधानी प्रिटोरिया येथे उतरले. हे राज्य बोअर लोकांचे होते. बोअर म्हणजे हॉलंड वगैरे देशांतून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी येऊन तेथे स्थायिक झालेले गोरे शेतकरी होत.

नव्या देशात परक्या वैद्याकडे कोण जाणार? पोट भरण्यासाठी थायलर ह्यांनी प्रिटोरियाजवळच्या आयरीन येथील एका मोठ्या शेतावर नोकरी धरली, आणि तेथेच त्यांच्यावर घाला आला. शेतावरील यंत्रात सापडून त्यांचा डावा हात गेला. कडबाकुट्टीत हात सापडलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस ह्या आपत्तीची कल्पना सहज येईल. गुरांच्या वैद्यास तर दोन हातांचे काम पावलोपावली पडते. अडलेले वासरू सोडवावयाचे, बुजलेला घोडा आवरावयाचा, एका हाती कातडी धरून दुसऱ्या हाती सुई टोचावयाची, हे सर्व एका हाताने कसे व्हावे? दुसरा कोणी असता तर मायदेशी परतला असता. थायलर ह्यांनी कृत्रिम हात बसवून घेतला आणि ते पुन्हा कामास लागले.

लवकरच त्यांच्या विद्येची पारख झाली. १८९३ साली जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात देवीची साथ उद्भवली. देवीची लस त्या काळी वासरांच्या कातडीवर वाढवीत असत, तेव्हा हे काम माणसांच्या डॉक्टरापेक्षा गुरांच्या वैद्यास अधिक साधणारे होते. थायलर ह्यांनी लस तयार करून दिली व साथ आटोक्यात आणण्यास मोठे साहाय्य केले. तेव्हापासून सरकारदरबारी त्यांचे नाव झाले.

ह्यानंतर तीन वर्षांनी बुळकांडी आली. आमच्या वृद्ध वाचकांस ह्या शब्दानेच कापरे भरेल. गुरांस ताप यावा, तोंडात फोड यावेत, हगवण लागावी, आणि आठवड्याभरात गोठाच्या गोठा रिकामा व्हावा, असा हा रोग. आफ्रिकेत तो युद्धाच्या मागोमागच शिरला. १८८७ च्या सुमारास इटलीच्या फौजेसाठी पूर्व आफ्रिकेत जी गुरे नेली, त्यांच्याबरोबर तो गेला. आणि ती गुरे आपल्या हिंदुस्थानातील असावीत असे मानतात. तेथून तो दरसाल दक्षिणेकडे सरकत १८९६ च्या आरंभी झांबेझी नदी उतरून आला. ट्रान्सवाल सरकारने थायलर ह्यांस बुलावायोकडे पाठविले. ही बुळकांडीच होय, असे त्यांनी निश्चित केले, आणि त्यांची सरकारी पशुवैद्य म्हणून नेमणूक झाली.

ह्या एका साथीत दक्षिण आफ्रिकेतील शेकडा ८० ते ९० गुरे मेली. त्या मुलखात रेल्वे थोडी व बैलगाडीच सर्व व्यापाराचा आधार, त्यामुळे भर रस्त्यात जू खांद्यावर असताना बैल मरून गाड्या जागच्या जागी अडून राहिल्या. गोऱ्या शेतकऱ्याचे नुकसान झाले, परंतु काळ्या गावकऱ्याचे सर्वस्व गेले. त्याचे दूध गेले, नांगर गेला, मुलाच्या लग्नात वधूकडे द्यावयाची गुरे गेली. पुष्कळ बोअर ह्या साथीस ईश्वरी दंड समजून उपायांविषयी उदासीन होते; पुष्कळ आफ्रिकी लोकांस हा रोग गोऱ्यांनीच मुद्दाम पसरविला असे वाटे, आणि रोग थांबविण्यासाठी सरकारचे शिपाई त्यांची निरोगी गुरेही गोळ्या घालून मारीत, तेव्हा तो संशय अधिकच बळावे. अशा अविश्वासात वैद्यास काम करावे लागते. आमच्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे, कारण लस टोचावयास आलेल्या माणसास पाहून गुरे रानात हाकून देणारी गावे आपल्याकडेही होती.

किंबर्ले येथे जर्मनीचे विख्यात डॉक्टर रॉबर्ट कॉख ह्यांनी रोगाने मेलेल्या गुरांचे पित्त टोचून निरोगी गुरांचा बचाव करण्याची रीत काढली. हेच कॉख पुढे १८९७ साली प्लेगच्या तपासासाठी मुंबईस आले. इकडे थायलर ह्यांनी निराळी दिशा धरली. शेजारच्या नाताळ ह्या इंग्रजी वसाहतीचे मुख्य पशुवैद्य हर्बर्ट वॉटकिन्स-पिचफोर्ड ह्यांच्यासह त्यांनी प्रयोग आरंभिले. बुळकांडीतून बऱ्या झालेल्या जनावराच्या रक्तजलात रोगाशी झगडण्याची शक्ती असते, ते टोचून दुसऱ्या जनावरास वाचविता येते, हे त्या दोघांनी कष्टाने दाखवून दिले. एक बोअर सरकारचा नोकर, दुसरा इंग्रज सरकारचा. परंतु प्रयोगाच्या जागी दोघांचा शत्रू एकच होता.

तीनच वर्षांत ह्या मैत्रीची परीक्षा झाली. ऑक्टोबर १८९९ मध्ये बोअर व इंग्रज ह्यांचे युद्ध जुंपले. थायलर ह्यांच्या घरी त्या वेळी नऊ महिन्यांचा मुलगा होता. बोअरांच्या तोफखान्याबरोबर घोड्यांचे वैद्य म्हणून ते नाताळच्या आघाडीवर गेले. बोअरांनी लेडीस्मिथ शहरास २ नोव्हेंबर १८९९ रोजी वेढा दिला. तो ११८ दिवस, २८ फेब्रुवारी १९०० पर्यंत, चालला. वेढा घालणाऱ्या फौजेत थायलर होते, आणि वेढ्यात कोंडलेल्या शहरात वॉटकिन्स-पिचफोर्ड होते! ज्यांनी एकाच गोठ्यात बसून रोग्याची नाडी पाहिली, ते आता एकाच तोफेच्या दोन अंगांस उभे राहिले. बाहेरच्या वैद्याने तोफा ओढणारी जनावरे चालती ठेवावयाची. आतल्या वैद्याच्या डोळ्यांदेखत वैरणीवाचून खंगलेले स्वारांचे घोडे कापून त्यांचे मांस उपाशी लोकांस वाटावयाचे. ह्याच लेडीस्मिथच्या सुटकेसाठी झालेल्या लढायांत गांधीजींनी उभारलेल्या सुमारे ११०० हिंदी लोकांच्या शुश्रूषा पथकाने जखमींच्या डोल्या वाहिल्या, हे आमच्या वाचकांस ठाऊक असेलच.

युद्धात घोड्याचा शत्रू गोळी नव्हे. इंग्रजांच्या बाजूस तीन लाखांहून अधिक घोडे ह्या युद्धात नाहीसे झाले, त्यांपैकी बहुतेक उपासमारीने, अतिश्रमाने व रोगाने मेले. दूर देशांहून जहाजात घालून आणलेले घोडे विसावा न देता रणात लोटले जात. पावसाळ्याअखेर पसरणारा घोड्यांचा आफ्रिकी रोग तर रात्रीत धडधाकट घोडा आडवा करी. माणसांची कथा ह्याहून दुःखद आहे. इंग्रज फौजेने बोअरांची शेतघरे जाळली, गुरे मारली, बायकामुले छावण्यांत कोंडली. त्या छावण्यांत सुमारे २६,००० बोअर स्त्रिया व मुले मेली. काळ्या लोकांच्या छावण्या निराळ्या होत्या, तेथे १४,००० हून अधिक जीव गेले, आणि पुष्कळ वर्षे त्यांची कोणी गणतीही केली नाही.

५ जून १९०० रोजी प्रिटोरिया इंग्रजांच्या हाती पडले. थायलर ह्यांच्यापुढे आता खरा प्रश्न उभा राहिला. ज्या सरकारची त्यांनी चाकरी केली ते मोडले होते. जेत्यांस त्यांच्या विद्येची गरज होती. त्यांनी प्रिटोरियाजवळ दासपोर्ट येथील आपल्या साध्याशा प्रयोगशाळेत इंग्रजी अंमलाखाली काम पुढे चालू ठेविले. ह्यात निष्ठा कोठे राहिली, असे कोणी विचारील. आम्हास हा प्रश्न क्षुल्लक वाटत नाही. ज्याचे शेजारी रानावनात अद्याप लढत होते, त्याने शत्रूचे वेतन घेणे सोपे नव्हे. परंतु राहिलेली गुरे ज्या शेतकऱ्यांची होती ते तर तेच होते, आणि रोग निशाण पाहून थांबणारा नव्हता. थायलर ह्यांनी निष्ठा कोणास वाहिली ते त्यांच्या पुढील कामावरून ठरवावे.

ते काम लवकरच पुढे आले. बुळकांडीने व युद्धाने मुलूख ओसाड झाला होता, म्हणून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याहून नवी गुरे आणण्यात आली. त्या गुरांबरोबर १९०१-०२ च्या सुमारास नवाच रोग आला. प्रथम सर्वांस तो जुना तांबडे मुतण्याचा रोग वाटला. थायलर ह्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्राखाली रक्त तपासून हा रोग निराळा आहे व त्याचा जंतूही निराळा आहे, हे सिद्ध केले. त्यास पूर्व किनाऱ्याचा ताप असे नाव पडले. केप वसाहतीचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स लाउन्सबरी ह्यांनी तो गोचिडामार्फत पसरतो हे दाखविले. आणि नाताळात जुने सोबती वॉटकिन्स-पिचफोर्ड ह्यांनी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने गुरांस औषधी पाण्याच्या हौदातून पोहवून काढण्याची पद्धत बसविली. एकाने जंतू ओळखला, दुसऱ्याने तो वाहणारा कीटक दाखविला, तिसऱ्याने त्याचा नाश करण्याची रीत घालून दिली. १९०७ साली पोर्तुगीज शास्त्रज्ञांनी ह्या जातीच्या जंतूंस थायलर ह्यांच्या नावावरून थायलेरिया हे नाव दिले. आपल्याकडील गोचीड तापाचा जंतू त्याच कुळातील, परंतु जातीने वेगळा आहे व निराळ्या गोचिडामार्फत पसरतो. गावरान गाय त्यास पुष्कळशी दाद देत नाही, संकरित गाय मात्र त्यास लवकर बळी पडते.

१९०८ साली प्रिटोरियाच्या उत्तरेस ऑन्डरस्टपूर्ट येथे मोठी प्रयोगशाळा स्थापन झाली व थायलर तिचे प्रमुख झाले. घोड्यांच्या आफ्रिकी रोगापासून खेचरांचा बचाव करण्याची रीत त्यांनी बसविली होती, तिचा तेथे विस्तार झाला. पुढे व्हरायबर्गजवळच्या रानात गुरांचे पाय लुळे पडून ती मरत, त्या रोगाचे कोडे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडविले. एखादी विषारी वनस्पती ह्यास कारण असावी, असा तर्क वर्षानुवर्षे चालला होता. खरे कारण असे निघाले की, तेथील जमिनीत व म्हणून गवतात फॉस्फरसची उणीव होती. ती भरून काढण्यासाठी गुरे रानात पडलेली मेलेल्या जनावरांची हाडे चघळीत, आणि त्या हाडांवरील कुजक्या मांसात तयार झालेले विष त्यांच्या पोटात जाई. गुरांस हाडांची स्वच्छ भुकटी खाऊ घालणे व सांगाडे रानात न ठेवणे, एवढ्या साध्या उपायाने हजारो गुरे वाचली. आपल्याकडेही गाय हाड चघळताना दिसली तर पुष्कळजण तिला खोडकर म्हणून मारतात. तिला कशाची तरी उणीव भासत आहे, हे ओळखणारा मालक शहाणा.

१९१४ साली इंग्लंडच्या राजाने त्यांस सर ही पदवी दिली. दक्षिण आफ्रिकेत पशुवैद्यकाचे शिक्षण सुरू झाले तेव्हा, १९२० साली, त्या विद्यालयाची धुरा त्यांच्याकडेच आली. १९२७ साली ते निवृत्त झाले, आणि २४ जुलै १९३६ रोजी मायदेशात लुसर्न येथे त्यांचे निधन झाले. युद्ध पेटले तेव्हा जो मुलगा मांडीवर होता, तो मॅक्स थायलर पुढे मोठा शास्त्रज्ञ झाला. पीतज्वरावरील लशीसाठी त्यास १९५१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बुळकांडीचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. हिंदुस्थानात तिच्याशी लढण्यासाठी १८८९ साली पुण्यास प्रयोगशाळा निघाली होती व १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वर येथे गेली. अनेक देशांतील पशुवैद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या झटून ह्या रोगाचा पिच्छा पुरविला. भारतात १९९५ नंतर तो आढळला नाही, आणि २०११ साली साऱ्या पृथ्वीवरून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. माणसांच्या देवीनंतर समूळ नाहीसा झालेला हा दुसराच रोग होय.

वाचकहो, ज्या ट्रान्सवालच्या राज्यासाठी थायलर रणावर गेले ते राज्य आज नाही. ज्या साम्राज्याने ते जिंकले तेही उरले नाही. लेडीस्मिथच्या वेढ्यात आत कोण व बाहेर कोण, हे आता इतिहासाच्या पुस्तकात शोधावे लागते. परंतु त्या दोन वैद्यांनी एका गोठ्यात बसून जे शिकून घेतले, ते दोन्ही पक्षांच्या लेकरांच्या दुधाकामी आले. आपल्या खेड्यांतही दोन तटांचे वैर असते, पाणवठे वेगळे असतात, बोलणे बंद असते. तथापि एका तटाच्या गोठ्यातील गोचीड दुसऱ्या तटाच्या गाईवर चढतोच. म्हणून उन्हाळा लागताच आपल्या गोठ्याच्या भिंतींच्या फटी लिंपाव्या, जनावरांच्या कानांखाली व कासेपाशी हात फिरवून पाहावे, पशुवैद्यास विचारून औषध व लस करून घ्यावी, आणि ज्याच्याशी आपले बोलणे नाही त्या शेजाऱ्यासही ह्या एका गोष्टीपुरती हाक मारावी.