बांडगूळ, शिंजीर आणि डॉ. सालिम अली

परागीकरण म्हटले की मधमाशी आठवते, आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या माळव्यात फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा झाडाखाली जरा उभे राहून पाहावे. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल यांची झुंबड उडालेली असते. मध पिताना त्यांच्या डोक्याला पराग लागतो आणि पुढच्या झाडावर पोहोचतो. आपल्याकडे या गोष्टीचा नेटाने अभ्यास करणाऱ्यांत डॉ. सालिम अली अग्रणी होते.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी सांभाळले. पिवळ्या गळ्याच्या चिमणीची गोष्ट मुलांनी शाळेत वाचलेली असते, म्हणून ती इथे सांगत नाही.

विद्यापीठाची पदवी नसल्याने नोकरी मिळणे अवघड होते. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून काम मिळाले. पुढे रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परतले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! पत्नी तहमीना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. हाती वेळच वेळ, मिळकत जवळजवळ नाही.

दुसरा कोणी अर्ज लिहीत बसला असता. सालिम अली सुगरणीची घरटी पाहत बसले, आणि आंब्यावरचे बांडगूळही.

बांडगूळ म्हणजे बागायतदाराचा वैरी. ते एका झाडावरून दुसऱ्यावर जाते कसे? त्यांना दिसले ते असे : बांडगुळाची लांबट कळी पक्की झाली की शिंजीर तिचे टोक चोचीत दाबतो. कळी झटकन उघडते, पराग उडतो, पक्ष्याला मध मिळतो. पुढे फळ धरते. ते चिमुकला फुलटोच्या गिळतो. चिकट बी थोड्याच वेळात विष्ठेतून बाहेर पडते, तो ते फांदीला घासून पुसतो, आणि तिथेच ते रुजते. म्हणजे एक पाखरू फळ धरायला मदत करते, दुसरे लागवड करते. नुकसान आंब्याचे! कोकणातल्या या निरीक्षणांवरचा त्यांचा निबंध १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. सुगरणीवरचा निबंधही त्याच सुमाराचा. फुलांवर येणारे पक्षी आणि पक्ष्यांवर विसंबणारी फुले यांवरचा मोठा लेख पाठोपाठ, १९३२ मध्ये. पांगारा, सावर, पळस अशी आपल्या ओळखीची झाडे त्यांच्या या अभ्यासाचा विषय होती.

मग संस्थानिकांच्या मदतीने पक्ष्यांच्या पाहण्या सुरू झाल्या. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर करत ते मध्य भारतात आले. इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर संस्थानांतली पाहणी त्यांनी केली. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानातच होते, हे आपल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. मुक्कामाची बरीचशी व्यवस्था तहमीनाबाई पाहत.

मध्य भारताच्या पक्ष्यांवरील लेखमाला १९३९ मध्ये छापून येऊ लागली. त्याच वर्षी एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तहमीनाबाई वारल्या. भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक दोन वर्षांनी निघाले. नंतर पद्मभूषण, पद्मविभूषण, डिलन रिप्ले यांच्यासोबतचे दहा खंड असे बरेच काही झाले. सालिम अलींनी दुसरे लग्न केले नाही. २० जून १९८७ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईत त्यांचे निधन झाले.