नाणी तोलणारा गणितज्ञ

पांडवलेणीवर गेलो की आपण फोटो काढतो, जरा दम खातो आणि खाली उतरतो. पण दहाव्या लेण्याच्या भिंतीवर चक्क एक हिशेब कोरलेला आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातल्या २००० वर महिना एक टक्का व्याज, १००० वर पाऊण टक्का. थोडक्यात, दोन हजार वर्षांपूर्वीची एफडी! आता सांगा, हा विषय कुणाचा? हिस्ट्रीवाल्यांचा, कॉमर्सवाल्यांचा की मॅथ्सवाल्यांचा?

कार्षापण म्हणजे जुनं चांदीचं नाणं. त्याहूनही जुन्या नाण्यांचं कोडं एका गणिताच्या प्राध्यापकाने हाती घेतलं होतं. त्यांचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यातला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे आणि पालीचे मोठे अभ्यासक. ते हार्वर्डला कामासाठी गेले, तेव्हा दामोदरही अमेरिकेत गेला. शाळा तिथेच झाली आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी मिळाली. भारतात परतल्यावर बनारस, अलीगढ आणि मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज, असा शिकवण्याचा प्रवास झाला.

फर्ग्युसनच्या काळात ते तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेल्या नाण्यांकडे वळले. त्या नाण्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही, नुसते ठसे. मग कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे ओळखायचं कसं? कोसंबींनी तराजू काढला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं आणि हलकं होतं. एकाच वेळी पुरलेल्या साठ्यातली सगळी नाणी एकाच दिवशी फिरायची थांबली. म्हणजे त्यात जे जास्त झिजलेलं, ते सहसा जास्त जुनं. एका नाण्यावरून हे ठरत नाही, पण शेकडो नाणी तोलली की सरासरी बोलू लागते. हा तर्क तपासायला त्यांनी त्यांच्या काळातली चलनातली नाणीही गोळा करून तोलली. इतिहासाच्या प्रश्नाला स्टॅटिस्टिक्सने उत्तर दिलं ते असं.

ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९४३ मध्ये त्यांनी मांडलेली गणिती रीत आज कारहुनेन आणि लोएव्ह या दोघांच्या नावाने जास्त ओळखली जाते. १९४४ मध्ये गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र दिलं. ‘कोसंबी फंक्शन’ म्हणून ते आजही वापरात आहे. द्राक्षासारख्या पिकांचे जनुकीय नकाशे बनवतानासुद्धा! १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती आली, ती शेकडो हस्तलिखितं ताडून पाहून. १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरचं गाजलेलं पुस्तक आलं. शिवाय पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी हिंडून दगडाची बारीक हत्यारं गोळा करणं चालूच होतं.

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. राहायला पुण्यात, काम मुंबईत, प्रवास डेक्कन क्वीनने.

गोष्ट इथे संपली असती तर ती नुसती आरती झाली असती. १९५९ मध्ये कोसंबींनी गणितातलं सगळ्यात अवघड कोडं, रीमान हायपोथेसिस, संभाव्यतेच्या मार्गाने सोडवल्याचा दावा केला. लेख छापला कुठे? कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात. अंकशास्त्रातले लोक जे वाचायला जात नाहीत, अशा ठिकाणी. ती सिद्धता टिकली नाही आणि त्यांच्या नावाला धक्का बसला. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेवर भर द्या, असं ते उघडपणे म्हणत होते. त्यावरून भाभांशी मतभेद होतेच. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. २९ जून १९६६ ला पुण्यात ते गेले, तेव्हा वय होतं फक्त ५८.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता आपल्यालाही मेजरसोबत मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह आहेत. विद्यापीठात आंतरविद्याशाखीय व्याख्यानं होतात. आपण बऱ्याचदा अटेंडन्स आणि सर्टिफिकेटसाठी मागच्या बाकावर बसतो. कोसंबींचं आयुष्य पाहिलं की अशा सेमिनारचं खरं काम कळतं. तिथे दोन माणसं हवीत. एक बाहेरच्या विषयातला, जो विचारेल की ही नाणी कुणी तोलून का पाहिली नाहीत? दुसरा त्याच विषयातला, जो वेळीच हात वर करून सांगेल की सर, तिसऱ्या पायरीवर गडबड आहे. नाण्यांच्या वेळी पहिला माणूस कोसंबी स्वतःच होते. रीमानच्या वेळी दुसरा माणूस त्यांना वेळेत भेटला नाही.

पुढच्या सेमिनारला विषय आपला नसेल, तर पहिला प्रश्न विचारायची संधी आपली. आणि विषय आपला असेल तर? मग मोबाइल खाली ठेवून नीट ऐकायची जबाबदारी आपली.