ढगाकडे निघालेला प्लिनी

ज्वालामुखीचा विषय निघाला की मला थोरला प्लिनी आठवतो. इ. स. २३ च्या सुमारास उत्तर इटलीतील कोमो येथे जन्मलेला हा रोमन गृहस्थ विलक्षण वाचनवेडा होता. जेवताना, स्नानानंतर अंग पुसून घेतानासुद्धा कोणीतरी ग्रंथ वाचून दाखवायचे आणि हा टिपणे सांगायचा. चालण्यात वाचनाचा वेळ जातो, म्हणून भाच्याने पायी न जाता डोलीतून फिरावे, असे त्याचे मत! या हव्यासातून निसर्गाविषयीचा ३७ खंडांचा ग्रंथ झाला. हिंदुस्थानातील मालापायी रोमची दरसाल ५ कोटी सेस्टर्स नाणी जातात, ही तक्रार त्यातलीच. आग ओकणाऱ्या डोंगरांची यादीही त्यात आहे. व्हेसुव्हियस मात्र त्या यादीत नाही. त्याच्या उतारावर तेव्हा द्राक्षमळे होते.

इ. स. ७९ मध्ये प्लिनी नेपल्सच्या आखाताजवळ मिसेनम येथे आरमारप्रमुख होता. एके दुपारी बहिणीने त्याला पाइन वृक्षाच्या आकाराचा ढग दाखवला. डोंगराच्या पोटातील घट्ट शिलारसात वायू विरघळलेले होते. रस वर चढला, दाब घटला आणि सोडावॉटरची बाटली उघडावी तसे वायू फसफसले. रसाच्या ठिकऱ्या होऊन राख व सच्छिद्र दगड सुमारे ३० किलोमीटर उंच उडाले. (आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण तो रस पातळ, भेगांतून थरावर थर पसरत गेलेला.) अशा स्फोटाला आज 'प्लिनियन' म्हणतात.

प्लिनी केवळ कुतूहलापोटी निघाला होता. तेवढ्यात रेक्टिना नावाच्या स्त्रीची चिठ्ठी आली, आम्हाला सोडवा म्हणून. त्याने मोठी जहाजे काढली. भाचा अभ्यासासाठी घरी राहिला, म्हणून ही हकीकत आपल्यापर्यंत आली.

किनारा गाठता येईना. सुकाणूवाला परत फिरा म्हणत होता. प्लिनी स्टाबिया येथे मित्राकडे उतरला. तिथे न्हाला, जेवला आणि चक्क घोरत झोपला. यजमानांना धीर यावा म्हणूनच तो असे वागला असावा, असे मला वाटते. रात्री अंगणात दगडांचा थर चढू लागला, तेव्हा त्याला उठवले. डोक्याला उशा बांधून सारे किनाऱ्यावर आले, पण समुद्र खवळलेला. गंधकाचा वास येताच लोक पळाले. प्लिनी दोन गुलामांच्या आधाराने उठला आणि तिथेच कोसळला. मुळातच त्याची श्वासनलिका नाजूक होती. उजेड पडल्यावर तो सापडला, झोपलेल्या माणसासारखा.

रेक्टिनाचे पुढे काय झाले, ते भाच्याने लिहिलेले नाही.